नाव कोणी सांगायचे?

दिवाळीच्या पाडव्याला ओवाळायला उभ्या राहिलेल्या गृहिणीला 'नाव घे' असा आग्रह होतो. नाव अर्थातच नवऱ्याचे. ती लाजते, उखाणा म्हणते आणि तबकात ओवाळणी पडते. मीही हौसेने उखाणे घेतले आहेत. तिचे स्वतःचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. ते ठाऊकच आहे, असे सारे धरून चालतात. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदारयाद्या तयार झाल्या, तेव्हा हे धरून चालणे महागात पडले.

१९५१-५२ च्या त्या निवडणुकीत सतरा कोटींवर मतदार होते. स्त्रिया सुमारे आठ कोटी. घरोघर फिरलेल्या कारकुनांनी याद्या आणल्या, तेव्हा लक्षावधी स्त्रियांची नोंद 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढीच होती. परक्याला घरच्या बाईचे नाव सांगणे कुलीनाला शोभत नाही, ही समजूत! मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरविले, की नाव नाही तर नोंद नाही. बिहारला महिनाभर मुदत वाढवून दिली. तरी अखेर सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या; बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेश येथल्या.

हा न्याय झाला काय? कारकुनाने नाव विचारले ते बहुधा दारात उभ्या असलेल्या पुरुषाला. दडविले त्याने, मत गेले तिचे. कर्ज बापाने काढावे आणि जप्ती लेकीच्या दागिन्यांवर यावी, तसलाच हा प्रकार.

माझी आजी इथलीच, घाटंजीची. तेव्हा आमचा यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात होता. कारकून आला तेव्हा आजोबा सांगू लागले, तर आजी माजघरातून म्हणाली, "माहं नाव मले पुसा ना!" पण नाव तरी कोणते सांगावे? माहेरचे एक आणि लग्नात तांदळात लिहिलेले दुसरे. तिने दुसरे सांगितले. "पयलं मलेच परकं वाटत होतं," असे ती पुढे म्हणे. पहिले मत कोणाला दिले, हे मात्र तिने आजोबांनाही कधी सांगितले नाही.

त्याआधीही स्त्रियांना मत होतेच. रमाबाई रानड्यांसारख्यांच्या खटपटीने मुंबई इलाख्यात ते १९२१ साली मिळाले. पण अट मिळकतीची, आणि मिळकत कितीजणींच्या नावावर असणार? १९३५ च्या कायद्याने मिळकतदाराची पत्नी किंवा विधवा म्हणूनही मत दिले. डेन्मार्कची १८४९ ची घटना उदार म्हणून गाजली, पण तिच्यात स्त्रिया आणि दुसऱ्याच्या घरी राहून चाकरी करणारे नोकर, दोघेही मताबाहेर होते. १९१५ साली दोघांना एकदमच मत मिळाले. घरधन्याच्या पाटीखाली राहणाऱ्याला वेगळे मत कशाला, हा हिशेब तिकडेही होताच!

म्हणून सेनांचे बारा आणे मला पटते. 'अमक्याची आई' त्यांनी चालवून घेतली असती, तर २८ लाख मते पडली असती, पण ती त्या अमक्याच्या आधारानेच. उरलेले चार आणे पटत नाहीत. विचारले असते तर जिने आपले नाव सांगितले असते, तिचे काय? पुढच्या निवडणुकीला, १९५७ साली, यादीत नाव घालता आले असते हे खरे. पण मधल्या पाच वर्षांत जी वारली, तिचे?

आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लागते. माझ्या वर्गातली पोरे त्याआधीची. आईचे नाव विचारले, की एखादा गोंधळून "मम्मी" म्हणतो. उद्या विचारून ये, असे मी सांगते. परवा एकाने विचारले, "बाबाले पुसू काय?"

"नाही रे," मी म्हटले, "तिलाच विचार."