लुटीतला दीपवृक्ष

जुन्या करारातला निवासमंडप, कराराचा कोश, सात फांद्यांचा दीपवृक्ष ही सगळी छाया होती आणि ख्रिस्त आल्यावर या वस्तूंचा धनी बदलला, असं एका प्रवचनकारांनी अलीकडे ठासून मांडलं. त्यावर माना डोलावणारे पुष्कळ आहेत. म्हणूनच उपासनेत शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकलं जातं, वेदीवर सात फांद्यांचा दिवा येतो. ब्राझीलमधल्या साओ पावलोत तर २०१४ साली एका ख्रिस्ती पंथाने शलमोनाचं मंदिर उभारलं आणि कोशाची प्रतिकृतीही केली. मला हा धनीपणाचा दावा मुळातूनच अमान्य आहे.

या दाव्याला आधार दिला जातो तो इब्री लोकांस पत्राचा. त्याच्या नवव्या अध्यायात दीपवृक्ष, मेज, समर्पित भाकरी, सोन्याने मढवलेला कोश, मान्ना ठेवलेलं पात्र, अहरोनाची काठी अशी यादी येते आणि आता तपशिलात शिरत नाही, असं सांगून लेखक पुढे जातो. तो बोलतो रानातल्या मंडपाविषयी. यरुशलेमच्या मंदिराचं नावही घेत नाही. इस्राएलाची शास्त्रं मुखोद्गत असलेल्या माणसाने त्याच शास्त्रांच्या बळावर केलेला हा युक्तिवाद आहे. घरातला वाद बाहेरच्यांनी उचलला आणि त्याचं खरेदीखत केलं.

पौल मात्र थेट बाहेरच्यांशी बोलतो. इ.स. ५७च्या सुमारास रोमच्या मंडळीतल्या परराष्ट्रीयांना तो बजावतो, की तुम्ही कलम केलेली रानजैतुनाची फांदी आहात. मुळाच्या आधाराने तुम्ही उभे आहात, तेव्हा मूळच्या फांद्यांपुढे दिमाख दाखवू नका. दीपवृक्षात जळायचं तेही जैतुनाचंच, कुटून काढलेलं शुद्ध तेल. आणि पौलाच्या त्या पत्रानंतर साधारण चौदा वर्षांनी त्याच रोमच्या रस्त्यांवरून दीपवृक्षाची मिरवणूक निघाली. ७० साली रोमी सेनापती टायटसच्या फौजेने यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं होतं. रोममधल्या टायटसच्या कमानीच्या आतल्या अंगाला ती मिरवणूक कोरलेली आहे: डोक्यावर पानांचे मुकुट घातलेले रोमी लोक, खांद्यांवर दांड्या, वर दीपवृक्ष, पुढे मेज आणि कर्णे. २०१२च्या तपासणीत त्या दीपवृक्षावर पिवळ्या रंगाचे अंश सापडले. सोनं सोन्यासारखं दिसावं, लूट लांबून ओळखू यावी, एवढी काळजी घेतली होती. धनी बदलल्याची ग्वाही अशी दगडात कोरली ती रोमच्या सत्तेने. ज्याला याच सत्तेने क्रुसावर चढवलं त्याच्या अनुयायांनी तिची भाषा बोलावी, याचं मला दुःख होतं.

मग या वस्तूंना हातच लावू नये का? तेवढ्या टोकाला मला जाता येत नाही. जर्मनीतल्या एसेनच्या कॅथीड्रलमध्ये इ.स. १०००च्या सुमारास घडवलेला, २.२६ मीटर उंचीचा सात फांद्यांचा दीप आजही उभा आहे. त्याच्यासमोर पिढ्यान्‌पिढ्या झालेली प्रार्थना खोटी होती, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्याच्याशेजारी तालमूद या यहुदी ग्रंथातला दंडक ठेवून पाहावा: मंदिरातल्यासारखा दिवा खुद्द यहुद्यांनीही घडवायचा नाही, पाच, सहा, आठ फांद्यांचा चालेल, सातांचा नाही. जे गेलं त्याची जागा मोकळी ठेवणं हीसुद्धा निष्ठाच आहे, आणि ख्रिस्ती माणसाने या वस्तूंकडून पहिल्यांदा शिकायचं ते हेच.

मराठी ख्रिस्ती माणसाला त्यासाठी दूर जावं लागत नाही. कोकणातल्या बेने इस्रायली या यहुदी समाजाकडे शतकानुशतकं ना सिनेगॉग होतं, ना धर्मशास्त्राच्या गुंडाळ्या. तरी शनिवारी, शब्बाथ म्हणून, त्यांचा तेलाचा घाणा बंद असे. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग झालं ते १७९६ साली. आता बहुतेक जण इस्राएलला गेले, तरी अलिबागेत, ठाण्यात, पुण्यात सिनेगॉग आहेत. वेदीवर दीपवृक्ष आणायचं ठरवलेल्या मंडळ्यांना माझी विनंती आहे: आधी तिथल्या मंडळींना भेटा, त्यांचा शब्बाथ त्यांच्याच तोंडून समजून घ्या, आणि धनी बदलल्याचं ते वाक्य प्रवचनातून कायमचं काढून टाका.