वाळल्या पानातील जीव

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-चोपड्याकडून शिरपूरपर्यंत, सागाचे रान आहे. पावसाळा सरता सरता तेथून जाणाऱ्यास पुष्कळदा झाडावरची पाने जाळीसारखी झालेली दिसतात. शिरा तेवढ्या शाबूत, मधला हिरवा गर नाहीसा. हे एका लहानशा पतंगाच्या अळीचे काम. शास्त्रज्ञ त्यास युटेक्टोना मॅकेरॅलिस म्हणतात. पतंग पिवळसर, पंखांवर तांबूस नागमोडी रेघा, पंख पसरूनही इंचाएवढाच. मादी पानांवर सुटी सुटी अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी विरळ जाळे विणून त्याखाली चरते, पुढे कोश करते, आणि काही आठवड्यांतच पुन्हा पतंग होतो. एका पावसाळ्यात असे अनेक फेरे होतात.

वर्षातील शेवटच्या पिढीची गत मात्र निराळी, आणि साधकाने तीच नीट पाहावी. हा जीव पानातच कोश करतो, गळत्या पानासह भूमीवर येतो आणि उन्हाळाभर तेथे निश्चेष्ट पडून राहतो. ना आहार, ना संचार. पाहणाऱ्याच्या लेखी तो नुसता पाला.

लीळाचरित्रात पारध्यांच्या भयाने पळत आलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली दडला, ही लीळा सर्वांस ठाऊक आहे. सशास शरण येण्यास पाय होते. कोशास ते नाहीत. त्याच्याजवळ आपणच जाणीवपूर्वक थांबले पाहिजे. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले वेचणे सुलभ व्हावे म्हणून कोठे कोठे झाडाखालचा पाला पेटवितात. आश्रमाच्या अंगणातही झाडलोट झाली की ढिगास काडी लावणे सोपे वाटते. चालताना मुंगी चुकविणारा वासनिकही त्या ढिगाकडे जीव म्हणून पाहत नाही.

कोणी म्हणेल, ही तर सागाची कीड, तिचे रक्षण कशास? वास्तविक हिचा जोर बहुधा पाने गळावयाच्या सुमारास असतो. झाड मरत नाही, पुढे नवी पालवी येते. परंतु हे उत्तरही गौण होय. अहिंसेच्या आचारात जीवाचा उपयोग पाहून दया करावयाची नसते. पाला एका कडेस सारून ठेवला, कुजू दिला, तर झाडासच खत मिळते. खर्च काहीच नाही, थोडे अंगण तेवढे अडते.

मृगाच्या सरी पडल्या, सागास पालवी फुटली, की त्याच ढिगातून संध्याकाळी एखादा पिवळा पतंग निघतो आणि कोवळ्या पानाकडे जातो.