सोंग आणि कबुली

२०१६ च्या ऑगस्टमध्ये एडिनबराच्या फ्रिंज महोत्सवात विनोदाचे मानाचे पारितोषिक रिचर्ड गॅडला मिळाले. ट्रेडमिलवर धावत त्याने स्वतःवर झालेल्या लैंगिक अत्याचाराची हकिगत मांडली होती. त्याच नामांकन यादीत जेम्स एकॅस्टर हा इंग्लिश स्टँडअप विनोदकार होता. नामांकनाचे त्याचे हे सलग पाचवे वर्ष, आणि पाचव्यांदा तो हात हलवत परतला. त्याच्या तासाभराच्या प्रयोगात अत्याचार नव्हता, आजार नव्हता. आपण पोलिसांच्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली दडून बसलेलो आहोत, अशी एक धडधडीत थाप होती. पुढच्या वर्षी पारितोषिक विभागून गेले: एक वाटा हॅना गॅड्सबीच्या ‘नॅनेट’ या प्रयोगाला, दुसरा जॉन रॉबिन्सने आपल्या मोडलेल्या नात्यावर केलेल्या प्रयोगाला. अवघ्या दोन-तीन वर्षांपूर्वी, २०१४ साली, टोप आणि खोटे दात लावून उभा राहणारा जॉन कर्न्स हेच पारितोषिक घेऊन गेला होता. दोन निकालांवरून युग बदलल्याची द्वाही फिरवणे उतावळेपणाचे होईल, आणि ते निकाल चुकले असेही माझे म्हणणे नाही. पण तेव्हापासून एक समज पक्का होत गेला, की तरुण विनोदकाराने लोकांसमोर आपली जखम उघडी केली तरच तो खरा. बाकी सगळा पोरखेळ. हा समज खोडून काढायला एकॅस्टरच्या कारकिर्दीइतका चांगला पुरावा मला दुसरा दिसत नाही.

एकॅस्टरचा जन्म १९८५ चा, नॉर्दम्प्टनशायरमधल्या केटरिंग या गावातला. इंग्लंडच्या नकाशावर या गावाकडे कुणी मुद्दाम बोट दाखवत नाही. ज्या पारितोषिकाने त्याला पाच वेळा हुलकावणी दिली, ते १९८१ साली सुरू झाले तेव्हा पहिला मान केंब्रिज विद्यापीठातल्या फुटलाइट्स या विद्यार्थी नाट्यमंडळींना मिळाला होता. त्यांत स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी आणि एमा थॉम्पसन होते. एकॅस्टर त्या वाटेने आलेला नाही. तो ढोलकांच्या मागे बसणारा, बँडमध्ये ड्रम वाजवणारा पोरगा. बँडचे बस्तान बसले नाही म्हणून तो स्टँडअपकडे वळला. जोसी लाँग, मिल्टन जोन्स या विनोदकारांच्या दौऱ्यांत मुख्य प्रयोगाआधीची वेळ त्याने भरून काढली. मग एडिनबरा. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे तेवढे आणता येत नाही, ही आपली म्हण या महोत्सवाला चपखल बसते. नवख्या कलाकाराला जागेचे भाडे, राहण्याचा खर्च, जाहिरात हे सगळे बहुधा पदरचे घालावे लागते. रॉयल माइलच्या फरसबंद रस्त्यावर कलाकार स्वतः पत्रके वाटत फिरतात. वर्तमानपत्रात चार तारे मिळाले की त्याच दिवशी ते चार तारे छापलेली पट्टी उरलेल्या पत्रकांवर स्टेपल केली जाते. तीन-साडेतीन आठवडे रोज एक तास, आणि पुढच्या ऑगस्टला पुन्हा कोरा करकरीत तास. २०११ ते २०१६ या सहा वर्षांत एकॅस्टरने असे सहा तास उभे केले.

आता हिशेब करून पाहा. सत्तावीस वर्षांच्या माणसाजवळ सांगण्यासारखे आयुष्य असते तरी किती? एक प्रेमभंग, एखादे घरातले दुखणे, शाळेतली छळणूक. कबुलीच्या बाजारात हे भांडवल दोन वर्षांत संपते. तिसऱ्या वर्षी एकतर जुनीच जखम खरवडायची, नाहीतर सांगण्यासाठी नवी जखम करून घ्यायची. शिवाय रोज संध्याकाळी ठरल्या वेळी, ठरल्या वाक्याला आवाज कापरा करून सांगितलेली कबुली तिसऱ्या आठवड्यात कबुली उरते का? तो अभिनयच होतो; फक्त तो अभिनय आहे हे कुणी बोलून दाखवायचे नाही असा प्रेक्षकाशी गुपचूप करार असतो. थाप मारणारा हा करार उघड करतो. मी बनवतोय, तुम्हाला ते ठाऊक आहे, चला पुढे. या अर्थी दोघांत अधिक प्रामाणिक कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

एकॅस्टरची थाप चालते कशी, हे जवळून पाहण्यासारखे आहे. ‘रेकग्नाइज’ या प्रयोगात तो सांगतो, की आपण विनोदकार नसून विनोदकाराच्या वेषात वावरणारे गुप्त पोलीस आहोत. ‘रेप्रेझेंट’मध्ये तो न्यायालयातला ज्युरी सदस्य होतो. हे सांगताना चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. थापेतले नियम तो काटेकोर पाळतो, क्षुल्लक तपशिलावर हुज्जत घालतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत सहज टाकलेले वाक्य पन्नासाव्या मिनिटाला असे परत आणतो की ती पहिली दहा मिनिटे आपण नीट ऐकलीच नव्हती असे वाटावे. वेष पोलिसाचा, पण त्याच्या आत दिसतो तो कुठल्याच घोळक्यात न मिसळणारा, आपले काही चुकले हे मान्य करायला तयार नसलेला एकटा माणूस. हा एकटेपणा त्याने थेट सांगितला असता तर आपण सहानुभूतीने मान डोलावली असती. वेषाआडून तो आला म्हणून आपण आधी हसतो, आणि हसता हसता त्यात स्वतःला ओळखतो.

हा तर नुसता विक्षिप्तपणा, यातून जगाबद्दल काही कळत नाही, असा आक्षेप येतो. त्याला उत्तर म्हणून चहाच्या पिशवीचे उदाहरण पुरेसे आहे. युरोपीय संघातून बाहेर पडण्यावरून ब्रिटन दुभंगला होता, तेव्हा एकॅस्टरने चहा करतानाचा एक वाद रंगवला: पिशवी कपात राहू द्यायची की काढायची? राहिली तर चहा कडक होतो, जरी पिशवीला आपला कस गेल्यासारखे वाटले तरी. काढली तर पिशवीची रवानगी कचऱ्यात. वाद कशाचा चालला आहे हे प्रेक्षकाला एका क्षणी कळते आणि हशा फुटतो. ब्रिटिश म्युझियमबद्दलचा त्याचा तुकडा तर भारतीय वाचकाला सांगायलाच नको. ज्यांच्या वस्तू नेल्या ते त्या परत मागायला येतात, आणि उत्तर मिळते की आमचे अजून बघून झालेले नाही. साम्राज्यावरची कित्येक जाडजूड पुस्तके जे करू शकत नाहीत ते या एका पोरकट सबबीने होते. ‘मी एक संतप्त नागरिक म्हणून बोलतो’ अशी सुरुवात त्याने केली असती, तर ऐकणाऱ्याने आधी त्याची बाजू तपासली असती. मूर्ख दिसणाऱ्या माणसाची बाजू कुणी तपासत नाही.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती एकॅस्टरनेच निर्माण केली आहे. मार्च २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘रेपर्टवार’ या नावाने त्याचे चार प्रयोग एकदम आले आणि जगभर नाव झाले. त्याच सुमारास त्याने ‘कोल्ड लझान्या हेट मायसेल्फ १९९९’ हा प्रयोग रचायला घेतला. त्यात पोलीस नाही, ज्युरी नाही. २०१७ हे वर्ष आपल्याला किती वाईट गेले, मन कसे ढासळले, टीव्हीवरच्या बेकिंग स्पर्धेत सगळ्यांसमोर कशी दाणादाण उडाली, हे तो सांगतो. या प्रयोगाने २०१९ मध्ये मेलबर्न विनोद महोत्सवाचे मुख्य पारितोषिक मिळवले. म्हणजे सोंगाला पाच वेळा नकार आणि कबुलीला पहिल्याच फटक्यात मान. मग या निबंधाचा मुद्दा संपलाच की! पण तो प्रयोग नीट पाहिला तर वेगळे दिसते. इथे आपल्यासमोर येणारा माणूस आधीच्या गरीब गाईपेक्षा वेगळा, शिव्या देणारा, तोऱ्यात वावरणारा आहे; एक मुखवटा उतरवून त्याने दुसरा, अधिक भडक मुखवटा चढवला आहे. आयुष्यातले सर्वांत चांगले वर्ष १९९९ आणि सर्वांत वाईट २०१७, ही विभागणीसुद्धा रचनाकाराची आहे. आयुष्य असे सोयीने दोन वर्षांत वाटले जात नाही. कच्चे दुःख त्याने कच्चे वाढले नाही. सहा वर्षे थापा रचून जी बांधणी हाताशी आली होती, तिच्यातच त्याने ते बसवले. आधी कबुली आणि मग कसब, असा क्रम असता तर हा प्रयोग झाला असता असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. सोंग घेण्याची मुभा गोऱ्या इंग्लिश पुरुषाला सहज मिळते. तो पोलीस आहे म्हणाला तर प्रेक्षक ‘बरं’ म्हणतात. सावळा किंवा बाईमाणूस विनोदकार मंचावर पाय ठेवण्याआधीच प्रेक्षकाने त्याला एक वेष चढवलेला असतो. गॅड्सबीने ‘नॅनेट’मध्ये हेच मांडले: उपेक्षिताने स्वतःची टर उडवली तर तो त्याचा विनय ठरत नाही, ती त्याची मानहानी होते. हे मान्यच करायला हवे. अहीर शहा या भारतीय वंशाच्या लंडनकर विनोदकाराने २०२३ साली एडिनबराचे पारितोषिक मिळवले ते आजोबांच्या स्थलांतरावरच्या ‘एंड्स’ या प्रयोगासाठी, आणि त्या कहाणीला थापेची गरज नव्हती. पण यातून निघणारा निष्कर्ष कबुलीच्या बाजूचा नाही. आपली वेदना सांगा तरच ऐकू, ही अट सर्वांत जाचक होते ती याच कलाकारांना. शहाच्या पिढीतल्या एखाद्याला उद्या आजोबांऐवजी आपण गुप्त पोलीस आहोत असे तासभर सांगत राहायचे असेल, तर तेवढे ऐकून घेणारा प्रेक्षक त्याला मिळतो का, हे पाहायला हवे.

एकॅस्टर स्वतः मात्र सोंग सोडून कुठेच गेलेला नाही. एड गॅम्बल या विनोदकाराबरोबर २०१८ पासून चालवलेल्या ‘ऑफ मेन्यू’ या पॉडकास्टमध्ये तो दिव्यातल्या जिनसारखा वाढपी बनून येतो. समाजमाध्यमे सोडण्याबद्दलचे त्याचे पुस्तक मार्गदर्शकाचा आव आणून लिहिलेले, आणि तो मार्गदर्शकही काल्पनिक. पुढे ‘हेकलर्स वेलकम’ या दौऱ्यात त्याने प्रेक्षकांना मध्येच ओरडायची सर्रास परवानगी दिली, कारण मंचावर उभे राहण्याची आपल्याला भीती का वाटते हे त्याला तपासायचे होते. आज सुरुवात करणाऱ्या पोरांपुढे मात्र अडचण निराळी आहे. फोनच्या पडद्यावर मिनिटभराचा तुकडा चालतो. प्रेक्षकाशी झालेली चटपटीत चकमक त्यात मावते, एखादा हुंदकाही मावतो. चहाच्या पिशवीसारखी सुटी गोष्टही मावते. पन्नासाव्या मिनिटाला परत येणारी थाप मात्र मावत नाही, आणि तिच्यासाठी तासभर जागा भाड्याने घ्यायला पैसे लागतात.