रसाचा उपवास



पोट रिकामे ठेवले म्हणजे उपवास होतो काय? आणि होत असेल, तर जो अधिक कडक राहतो त्याच्या पदरात अधिक पडते काय? या अंकात तुमच्यापुढे एवढाच प्रश्न ठेवतो.

हा प्रश्न आज काढण्याचे कारण आहे. शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावांतही, 'ज्यूस क्लीन्स' नावाचा एक प्रकार आला आहे. तीन, पाच किंवा सात दिवस चावून काही खायचे नाही. दर दोन-अडीच तासांनी फळांचा नाहीतर भाज्यांचा रस घ्यायचा. गाजर, बीट, पालक, काकडी, संत्रे, आवळा. भाकरी नाही, वरण नाही, चहासुद्धा नाही. असे केल्याने शरीरात साठलेले विष धुऊन निघते, असे सांगतात. ही चाल पश्चिमेकडून आली. अमेरिकेत स्टॅन्ली बरोज नावाच्या गृहस्थांनी लिंबाचे पाणी, मॅपल झाडाचा गोड पाक आणि लाल तिखट एवढ्यावर दहा दिवस राहायला सांगितले आणि १९७६ साली त्यावर पुस्तक काढले. पुढे त्याला अनेक फांद्या फुटल्या.

परदेशातून आले म्हणून नाक मुरडू नका. आपल्या एकादशीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. गोष्ट कुठून आली यापेक्षा ती आपल्याला कुठे नेते, हे पाहावे.

माझी नात पुण्यात नोकरी करते, एकटी राहते. ती दर महिन्याला तीन दिवस असे करते. गेल्या हिवाळ्यात ती सुट्टीला घरी आली तेव्हा मी म्हटले, बाळ, या वेळी मीही तुझ्याबरोबर राहतो. ज्या गोष्टीवर बोलायचे ती चाखून बोलावी, ही आमच्या गुरूंची शिकवण. आधी डॉक्टरांना विचारले. मला मधुमेह नाही, मूत्रपिंडांचे दुखणे नाही, रोजचे औषध नाही, म्हणून त्यांनी तीन दिवसांना हरकत घेतली नाही.

पहिल्या दिवशी चहा नसल्याने दुपारपर्यंत डोके ठणकले. दुसऱ्या दिवशी भूक बोथट झाली, पण मन मोठे गमतीदार वागू लागले. एरवी हरिपाठाला बसलो की घड्याळाची आठवण होत नाही. त्या संध्याकाळी टाळ हातात आणि मन पुढच्या बाटलीत! बिटाची येणार की संत्र्याची, याचाच विचार. तिसऱ्या दिवशी अंग हलके वाटले, हे खरे. वजन केले तर दीड किलो कमी. आठवड्याभरात ते परतही आले.

त्या तिसऱ्या दिवशी नातीने विचारले, "आजोबा, तुमच्या एकादशीला खिचडी चालते, भगर चालते, शेंगदाण्याची आमटी चालते. हे तर त्याहून कडक. मग याचे पुण्य जास्त का?"

माउली, ही शंका पोरकट म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच घरांत जन्मली. तेव्हा शंकेचे समाधान क्रमाने करू.

प्रथम देहाचा विचार. आपली दोन मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले जवळजवळ सगळे शरीराला परत देतात आणि लिटर-दीड लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. यकृत रात्रंदिवस नको ते निवडून निरुपद्रवी करते. हा झाडू जन्मल्यापासून चालू आहे. त्याला बाटलीची वाट पाहावी लागत नाही. वजन उतरते ते बहुतेक पाण्याचे. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, तो आपल्या तिपटीइतके पाणी धरून बसतो. खाणे कमी झाले की साठा सरतो आणि पाणी जाते. जेवू लागलो की दोन्ही परत येतात. शिवाय फळाचा रस काढला की चोथा जातो, साखर राहते. एका पेल्यात तीन-चार संत्री उतरतात. तेवढी संत्री सोलून खायला बसलो तर दुसऱ्यालाच पोट पुरे म्हणेल. म्हणून मधुमेह असलेल्यांनी, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी, गरोदर लेकींनी आणि रोज औषधे घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा खेळ करू नये.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दुधीचा रस काढण्याआधी फोड चाखून पाहा. कडू लागली तर तो दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने याचा अभ्यास केला आणि २०१२ साली तो प्रसिद्ध झाला.

आता शास्त्राचा विचार. चरकाचार्यांनी लंघनाचे दहा प्रकार सांगितले, त्यांत उपवास हा एक. म्हणजे देहाच्या स्वास्थ्यासाठी न खाणे आपल्याकडेही आहेच. ते वैद्याचे क्षेत्र, त्यात पाप नाही आणि पुण्यही नाही. कपडा धुतला तर कपडा स्वच्छ होतो, तेवढेच.

भगवंत मात्र निराळ्या जागी बोट ठेवतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना ते म्हणतात की जो आहार सोडतो त्याच्यापासून विषय दूर होतात, पण विषयांची गोडी मागे उरते. परतत्त्वाचे दर्शन झाले म्हणजेच ती जाते. या गोडीला मूळ श्लोकात शब्द कोणता आहे, ठाऊक आहे? रस! ज्ञानोबाराय त्यावर झाडाचा दृष्टांत देतात. वरची पाने तोडली आणि मुळाशी पाणी सोडत राहिले, तर झाड मरत नाही, उलट फोफावते. माझ्या तीन दिवसांत तेच दिसले. घास सुटला होता, पण 'पुढची बाटली कोणती' हे मुळाशी पाणी चालूच होते. आपल्या एकादशीलाही हेच माप लावा. सकाळपासून वऱ्याच्या तांदळाचा आणि रताळ्याच्या किसाचा विचार चालला असेल, तर तिथेही पाने तोडून मुळाला पाणी घालणेच चालले आहे. बाटलीवाल्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

इथवर दोन्ही पारडी सारखी. पण त्या संध्याकाळी नात आणखी एक वाक्य बोलली, ते मला लागले. ती म्हणाली, "महिनाभर अबरचबर खाल्लं की मला माझंच अंग घाण वाटतं, आजोबा. तीन दिवस असं राहिलं की जरा क्षमा झाल्यासारखी वाटते."

माउली, भेद इथे आहे. देह मलिन आहे, त्याला शिक्षा केली पाहिजे, या भावनेने सोडलेला घास आणि देव जवळ यावा म्हणून सोडलेला घास दिसायला सारखेच. आतून त्यांची तोंडे दोन दिशांना. उपवास या शब्दाचा अर्थच जवळ राहणे. एकादशीला आपण अन्न कमी करतो, कारण दिवस कीर्तनाला द्यायचा असतो आणि रात्र जागराला. दशमीला एक वेळ जेवायचे, एकादशीला उपवास, द्वादशीला पारणे. या तिन्ही दिवसांत देहाचा तिरस्कार कुठेच नाही. याच देहाने पंढरीची वाट चालायची, याच हातांनी टाळ वाजवायचा, याच कपाळी बुक्का लावायचा. त्याला विषाची पिशवी कसे म्हणावे? सतराव्या अध्यायात तर भगवंतांनी स्पष्ट सांगितले की शास्त्राला सोडून जे घोर तप करून देहाला पिळतात, ते देहात राहणाऱ्या मलाच पिळतात. त्यांचा निश्चय आसुरी समजावा. सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा या दोघांनाही योग साधत नाही, असा निवाडा दिला आहे.

दुसरा भेद पारण्याचा. बाटली एकट्याने प्यायची असते. तीन दिवस संपले की कुणी कुणाला बोलावत नाही. आपल्याकडे द्वादशीला पंगत बसते, सप्ताह काल्याने उठतो, आषाढीची वारी गोपाळपूरच्या काल्याने पुरी होते. सगळ्यांची शिदोरी एकत्र कालवली म्हणजे माझे-तुझे राहत नाही. भूक म्हणजे काय हे आपल्या पिढीने पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका हातावर मिळालेली सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी नेत. त्या उपाशी होत्या. त्यांनी उपवास निवडलेला नव्हता. ज्याला निवडता येते त्याने आपल्या रिकाम्या पोटातून त्यांची भूक ओळखावी, हाही उपवासाचा एक हेतू आहे. नाथमहाराजांनी रामेश्वराला वाहायची गंगा वाटेतल्या तहानलेल्या गाढवाच्या मुखात घातली. जपून नेलेले पवित्र पाणी कुठे पोहोचले म्हणजे देवाला पोहोचते, हे त्यांनी दाखवून ठेवले.

नातीला मी रस सोड म्हटले नाही. सांगितले ते एवढेच : बाळ, तब्येतीसाठी घ्यायचा तर डॉक्टरांना विचारून घे. पण क्षमा मागण्यासाठी घेऊ नकोस, कारण खाल्ल्याचा गुन्हा कुणी तुझ्यावर लादलेलाच नाही. आणि महिन्यातून एक एकादशी माझ्याबरोबर कर. फळ खा, दूध घे, संध्याकाळी फोनवर आपण दोघे हरिपाठ म्हणू. द्वादशीला पहिला घास घेण्याआधी कुणालातरी जेवायला बोलाव.

गेल्या द्वादशीला तिने इमारतीच्या राखणदाराला पिठले-भाकरी दिली आणि स्वतः त्याच्याबरोबर जिन्यात बसून जेवली, असे तिने फोनवर सांगितले. पिठल्यात मीठ जास्त झाले होते म्हणे.

माउली, पुढच्या एकादशीला तुमच्या ताटात काय असेल ते असो. आज मन कुणाच्या जवळ राहिले, आणि उद्या पारण्याला माझ्या शेजारी कोण बसणार, हे दोन प्रश्न झोपण्यापूर्वी स्वतःला विचारा. उत्तर तुमचे तुम्हाला मिळेल.

रामकृष्ण हरी.