गुण कशाला द्यावेत?

गेल्या पूजेच्या सुटीत दार्जिलिंगला गेलो असताना मी एक पोरकट उद्योग केला. जुन्या ब्रिटिश धाटणीचा म्हणून जो जो ‘पब’ दिसला, त्याला वहीत दहापैकी गुण दिले. लाकडी भिंती, शेकोटीची जागा, जुनी छायाचित्रे, मंद दिवे असे रकाने आखले होते. मी स्वतः प्यालो की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. शेवटच्या ठिकाणी वाढणाऱ्या नेपाळी तरुणाने वहीकडे पाहून विचारले, “आमचे किती आले, साहेब?” मी म्हणालो, “सहा.” “मग चार कशाचे गेले?” या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

प्रामाणिक उत्तर असे होते की, तुमची जागा पुरेशी इंग्रजी नाही. आणि हे म्हणणारा कोण, तर १८५७ च्या २९ मार्चला जेथे मंगल पांडे याने शस्त्र उचलले, त्या बराकपुरात राहणारा कारकून!

तरीही हा मी देशाभिमानाचा प्रश्न मानत नाही. इंग्रजांनी केली एवढ्यानेच वस्तू त्याज्य ठरत नाही. १८८१ साली दार्जिलिंगला पोहोचलेल्या छोट्या आगगाडीत आपण आनंदाने बसतोच. प्रश्न मापाचा आहे. कोणत्याही वस्तूला गुण द्यायचे, तर ती कशासाठी आहे हे आधी ठरवावे लागते.

जॉर्ज ऑर्वेल याचा जन्म १९०३ साली बिहारातील मोतीहारीचा. वडील सरकारच्या अफूखात्यात नोकरीस. त्याने १९४६ साली एका आदर्श पबचे दहा गुण मोजले आणि अखेरीस कबूल केले की, असा पब अस्तित्वातच नाही. परंतु त्याच्या यादीत सजावटीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व माणसांना आहे : गिऱ्हाइके ओळखीची असावीत, निवांत बोलता यावे, मुलाबाळांनाही बागेत बसता यावे. ‘पब’ म्हणजे मुळात ‘पब्लिक हाउस’, लोकांसाठी उघडे असलेले घर. डोंगरावर मात्र साहेबांनी बांधले ते क्लब. त्यांची दारे सभासदत्वाने आणि वर्णाने बंद असत. म्हणजे मी जिच्या नकलेला गुण देत होतो, ती वस्तू पबच्या नेमकी उलट होती.

मळेवाल्या साहेबाने घराच्या आठवणीने व्याकूळ होऊन परक्या डोंगरावर आपले गाव उभारले. बदलीच्या गावी आपण तरी दुसरे काय करतो? आपला गणेशोत्सव ‘अगदी पुण्यासारखा’ झाला, की आपण त्यास पैकीच्या पैकी गुण देतो. घराची ओढ हा दोष नव्हे. परंतु तीच एकमेव मोजपट्टी झाली, की शेजारचा बंगाली गृहस्थ आपल्या सतरंजीवर संकोचाने कडेला का बसतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. त्यासाठी आपल्या वहीत रकानाच नसतो.

परतल्यावर मी तो रकाना घातला : येथे कोण सहज बसू शकतो? त्या हिशेबाने त्या तरुणाच्या जागेचे गुण वाढले. एकाच बाकावर मोटारचालक, शिक्षक आणि प्रवासी बसलेले मी पाहिले होते. पूर्ण गुण मात्र देता आले नाहीत. बाहेरच्या चढावर पाठीवर ओझे घेऊन जाणारा हमाल आत आला नव्हता. आणि तो का आला नाही, हे मीही त्या संध्याकाळी कोणास विचारले नव्हते.