अंधारात सरकणारी फिल्म

आज एका न झालेल्या खेळाला बसू या. कोल्हापुरातलं एखादं जुनं थिएटर मनात आणा. रॉयल, व्हीनस, उषा, पद्मा, उमा, पार्वती, तुमच्या घरच्यांचं जे असेल ते. काहींचं आता नावच उरलंय, तरी रिक्षात बसून ‘व्हीनस कॉर्नर’ म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. खेळाला अजून वेळ आहे. पाठ टेकवा. पाय जमिनीवर असू द्या. श्वास जसा येतो तसा येऊ द्या.

पडद्याकडे इतक्यात पाहू नका. आधी मान मागे वळवा. बाल्कनीच्या वर, भिंतीत, दोन-तीन लहान चौकोनी झरोके आहेत. लहानपणी आपण सगळ्यांनीच एकदा तरी तिकडे वळून पाहिलेलं असतं, आणि कुणीतरी ‘पुढं बघ’ म्हटलेलं असतं. आज पुढं बघायची घाई नाही. त्या झरोक्यामागे काय आहे, त्यावर मन आणू या.

तिथे फिल्मची एक पट्टी आहे. सत्तर मिलिमीटर रुंद, म्हणजे तुमच्या जोडलेल्या चार बोटांएवढी. दोन्ही कडांना ओळीनं भोकं, आणि एका चित्राची उंची पाच भोकांची. चित्र रुंदीला पाच सेंटिमीटरच्याही आत, उंचीला सव्वादोन. नेहमीच्या ३५ एमएमच्या चित्रापेक्षा त्याचं क्षेत्रफळ अडीच ते तीन पट भरतं. जुन्या ७० एमएम प्रिंटवर चित्राच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय लेपाच्या बारीक रेघा असत आणि त्यांत सहा वेगवेगळे आवाज साठवलेले असत.

या तळहातात मावणाऱ्या चित्राकडे मनानं थोडा वेळ पाहत राहा. समजा ते डेव्हिड लीनच्या १९६२ सालच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मधलं आहे. वाळवंट, वर पांढरं पडलेलं आभाळ, आणि दोन्ही मिळतात तिथे, उन्हाच्या थरथरीत, एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे उंटावरून येणारा माणूस. तो जवळ येईपर्यंत दिग्दर्शक काही करत नाही, आपल्याला नुसतं पाहायला लावतो. घरच्या टीव्हीवर हा प्रसंग मी पाहिलाय. तिथे ठिपका शोधावा लागतो आणि तेवढ्यात जीव कंटाळतो. मोठ्या पट्टीवर मात्र तो ठिपका पहिल्यापासून माणूस असतो. पडदा चित्रात काही भरत नाही, फक्त ते ताणतो. चित्र लहान असेल तर ताणल्यावर दाणा फुटतो, कडा विरतात. म्हणून इतकी रुंद फिल्म, इतकी जड रिळं, इतका खर्च.

आता दिवे जाऊ द्या.

फिल्म चालू झाली. एका मिनिटाला सुमारे चौतीस मीटर सरकते, म्हणजे तीन तासांच्या चित्रपटाला सहा किलोमीटरच्या वर. पण सरकते कशी, इथे आपलं लक्ष हवं. ती सलग वाहत नाही. एक चित्र भिंगासमोर येतं आणि थांबतं. पूर्ण स्थिर उभं राहतं. उजेड त्यातून जातो. मग फिरती पाती आड येते, पडदा काळा होतो, आणि त्या काळोखात पट्टी एक चित्र पुढं ओढली जाते. पुन्हा थांबणं, पुन्हा उजेड. सेकंदाला चोवीस वेळा. थरथर जाणवू नये म्हणून थांबलेल्या चित्रावरचा उजेडही मध्ये एकदा तोडतात. हिशेब केला तर खेळाचा जवळजवळ निम्मा वेळ पडदा काळा असतो.

इथे थांबा. श्वास एकदा आत, एकदा बाहेर.

उजेडात जे दिसतं ते सगळं स्थिर आहे. हालचाल होते ती अंधारात, आपल्या नजरेआड. उंट चालतो, वाळू उडते, आणि यातलं काहीच पडद्यावर हलत नाही. ते चालणं आपण पुरं करतो. शेजारच्या खुर्चीतला अनोळखी माणूसही त्याच क्षणी तेच पुरं करतो, त्याच्या पलीकडची बाईही. सातशे-आठशे माणसं एकाच काळोखात एकच काम करत बसलेली असतात, आणि कुणालाही ते ठाऊक नसतं. हा विचार सोडून पुढं जायची घाई करू नका. मला तरी सिनेमाच्या बाबतीत याहून थोर गोष्ट सापडलेली नाही.

हे थांबणं आणि सरकणं कोल्हापूरच्या माणसांनी हातानं घडवलेलं आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे, नात्यानं भाऊ. त्यांनी आधी प्रोजेक्टर मिळवला, चित्रपट दाखवले, यंत्र उघडून पाहिलं, आणि मग कॅमेराच करायचं मनावर घेतलं. कॅमेऱ्याच्या पोटातही हेच चालतं: फिल्म थांबते, उजेड घेते, अंधारात सरकते. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या साथीनं काम चालू ठेवलं, आणि १९१८च्या सुमारास कोल्हापुरात तयार झालेला कॅमेरा चालू लागला. त्यावर ‘सैरंध्री’ हा चित्रपट झाला, १९२० साली लोकांसमोर आला. खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे. त्याच्या बाजूनं जाताना कधीतरी दोन मिनिटं थांबावं. रहदारी आहे, तरी थांबावं.

आणि मग दुसरी गोष्ट मनात येऊ द्यावी, जड आहे तरी. ‘सैरंध्री’ आता पाहता येत नाही. १९२३चा ‘सिंहगड’ नाही. १९२५चा मूक ‘सावकारी पाश’ नाही, ज्यात शेतकऱ्याचं कर्ज पडद्यावर आलं आणि तरुण व्ही. शांताराम काम करत होते. ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचा जो भाग वाचला, तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. बाकी नायट्रेटची फिल्म होती, पेटायला आणि कुजायला तयार. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ‘मीठभाकर’ हा चित्रपट त्यांना पुन्हा चित्रित करावा लागला. २०२४च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेली आग तर आपण सगळ्यांनी पाहिली. या गावाला जळाल्यानंतर पुन्हा उभं करायची सवय आहे. पण जळालेली प्रिंट पुन्हा उभी राहत नाही.

चित्रपटाला देह असतो, हे या सगळ्यामुळे मला कळत गेलं. ‘शोले’सारखं सर्वांना पाठ असलेलं उदाहरण घ्या. तो ३५ एमएमवर चित्रित झाला आणि लंडनला ७० एमएमवर वाढवून घेतला. १९७५पासून मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. आणि २०२५मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशननं तो दुरुस्त करून इटलीत बोलोन्याला दाखवला, तेव्हा ताडून पाहायला मूळची एकही ७० एमएम प्रिंट शिल्लक नव्हती. ज्या प्रिंटसाठी माणसं रात्रभर रांगेत उभी राहिली, ती नाही. असंख्य खेळांत झिजली, ओरखडली, आणि संपली.

दुरुस्त केलेल्या डिजिटल प्रती मला परक्या वाटत नाहीत. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये याच संस्थेनं अमिताभ बच्चन यांचे जुने चित्रपट देशभरातल्या शहरांत मोठ्या पडद्यावर आणले, त्यांत कोल्हापूर होतं, याचा मला मनापासून आनंद आहे. डिजिटल नसतं तर ते जमलंच नसतं. पण त्या पडद्यावर मधला काळोख नसतो, पट्टी थांबत नाही, आणि दर खेळाला काही झिजतही नाही. २०१८ साली कान महोत्सवात ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ची नवी ७० एमएम प्रिंट दाखवली गेली, संगणकाचा हात न लागलेली, जुन्या निगेटिव्हपासून छापून काढलेल्या फिल्मवरून. जगात अजून अशी थिएटरं आहेत जिथे जुने चित्रपट याच देहात दाखवतात आणि लोक त्यासाठी प्रवास करून येतात. ज्या गावानं कॅमेरा बनवला, त्या गावात असं एक थिएटर असावं, हे मागणं मला मुळीच मोठं वाटत नाही.

आता पुन्हा मागच्या झरोक्याकडे लक्ष न्या. या वेळी यंत्राकडे नको, त्याच्याजवळ उभ्या माणसाकडे. ऑपरेटर. कार्बनच्या दोन कांड्या जळत जातात, त्यांच्या टोकांमधलं अंतर त्याला सतत राखायचं असतं, नाहीतर पडदा पिवळा पडतो. एक रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका उमटतो, दुसरा प्रोजेक्टर सुरू होतो. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि उजेड एका यंत्रावरून दुसऱ्यावर. खाली कुणाला काही कळत नाही. आपण तीन तास वाळवंटात होतो आणि तो माणूस एका तापलेल्या खोलीत उभा होता.

थिएटर पुन्हा रंगवता येईल. प्रोजेक्टर कुठून ना कुठून मिळेल. हे हात मात्र आत्ताच आहेत. अशी माणसं कोल्हापुरात आहेत, सत्तरी-ऐंशीच्या घरातली, तुमच्याच पेठेत, तुमच्याच तालमीच्या कट्ट्यावर बसणारी. या रविवारी त्यांच्याकडे जा. कार्बन किती अंतरावर धरायचे, तुटलेली फिल्म कशी जोडायची, रीळ उलटं भरलं तर कशावरून ओळखायचं, हे विचारा. सोबत घरातलं एखादं पोर घेऊन जा, आणि काकांना सगळं त्यालाच दाखवायला सांगा.