अडकलेला कागद

रेल्वेचं विभागीय कार्यालय असलेल्या आपल्या भुसावळात कागदाला तोटा नाही. आणि घाईच्या वेळीच प्रिंटर नेमका कागद गिळून बसतो!

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की कोरडे कागद एकमेकांना चिकटतात, दोन-दोन आत ओढले जातात. पावसाळ्यात तेच दमट होऊन वाकतात. म्हणून उरलेली रीम वेष्टनातच ठेवावी. ट्रेमध्ये घालण्याआधी गठ्ठा फुलवून कडा ठोकून घ्याव्यात.

कागद अडकलाच, तर आधी बटण बंद. लेझर प्रिंटरचा आतला रोलर चांगलाच तापलेला असतो, जरा थांबावं. मग दोन्ही हातांनी, कागद चालला होता त्याच दिशेने सावकाश ओढावा. हिसका दिला की नखाएवढा तुकडा आत राहतो, आणि त्यासाठी मेकॅनिक बोलवावा लागतो. आणि हे एखाद्या कार्यालयाच्या खिडकीवर घडलं, तर रांगेतल्यांनीही तेवढा वेळ खिडकीतल्या बाईंवर डाफरू नये.